झटका मशीन, भोंगा आणि एआय कॅमेरा : वाघ-हत्तींना न मारता गावापासून दूर ठेवता येतं का?

ताडोबाच्या बफर क्षेत्रात, मोहर्लीजवळ सीतारामपेठ नावाचं छोटं गाव आहे. २०२३ मध्ये या गावाच्या जंगलाकडच्या बाजूला कॅमेरे बसवण्यात आले. जंगलातून गावाकडे येणारं जनावर वाघ आहे, बिबट आहे की कुणाची चुकलेली गाय, हे त्या कॅमेऱ्यांना जोडलेली संगणक यंत्रणा स्वतःच ओळखते. वाघ किंवा बिबट दिसला, तर वन विभागाला आणि गावाला सूचना जाते. बातम्यांमध्ये याचं नाव झालं 'व्हर्च्युअल वॉल', म्हणजे आभासी भिंत.

तेव्हापासून दर काही महिन्यांनी अशा एखाद्या यंत्राचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. कधी लुकलुकणारे दिवे, कधी आपोआप वाजणारा भोंगा, कधी 'आता वाघ गावात येणारच नाही' असं सांगणारं सौर कुंपण. यातलं खरं किती आणि कुठल्या प्राण्यावर काय चालतं, हे नीट पाहायला हवं. कारण चंद्रपूर आणि गडचिरोलीत हा प्रश्न गॅजेटचा नाही, माणसांच्या जिवाचा आहे. २०२२ या एका वर्षात एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यात ५३ माणसं गेली. त्यातली ४४ वाघांच्या हल्ल्यात.

इथेच एवढा संघर्ष का?

२०२२ च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज आला. त्यातले ९७ ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत होते. पण चंद्रपूरचे सगळे वाघ ताडोबाच्या पाटीमागे राहत नाहीत. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल या तालुक्यांत जंगल आणि धानाच्या बांध्या एकमेकांत मिसळल्या आहेत. ब्रह्मपुरी वन विभागात तर संरक्षित क्षेत्राबाहेर वाघ राहतात, पिल्लं वाढवतात. ती मोठी झाली की नवी जागा शोधत निघतात आणि वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत पोहोचतात.

वडसा जंगलातला 'सीटी-१' हा वाघ अनेकांना आठवत असेल. चंद्रपूर, भंडारा आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांत १३ माणसांचे बळी घेतल्यावर १३ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आलं. पण पकडणं हा शेवटचा उपाय असतो, आणि तो एका वाघापुरताच असतो. जागा रिकामी झाली की दुसरा वाघ येतो. म्हणून खरा प्रश्न असा उरतो : जो प्राणी इथेच राहणार आहे, त्याला शेत, गोठा आणि घर यांच्यापासून लांब कसं ठेवायचं?

झटका मशीन : सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त गैरसमजाचं

विदर्भात सौर कुंपणाला कुणी सौर कुंपण म्हणत नाही. लोक म्हणतात 'झटका मशीन'. एक सोलर पॅनल, एक बारा व्होल्टची बॅटरी, झटका तयार करणारा एक डबा, शेताच्या धुऱ्यावर रोवलेले खांब आणि त्यांवर ओढलेल्या तारा. बस, एवढंच.

हा डबा तारेत सतत वीज सोडत नाही. साधारण सेकंदाला एकदा तो एक ठोका देतो. त्या ठोक्याचा दाब काही हजार व्होल्ट असतो, पण बहुतेक यंत्रांत तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि त्यातली ऊर्जा मर्यादित असते. रानडुकराच्या ओल्या नाकाला तो लागला की जोराचा दणका बसतो, जनावर किंचाळून मागे फिरतं आणि बहुतेक वेळा ती तार लक्षात ठेवतं. दोन ठोक्यांच्या मधे तार मोकळी असते, त्यामुळे चिकटलेलं जनावर किंवा माणूस सुटू शकतो.

घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनवर आकडा टाकून तारेत सोडलेला करंट ही अगदी वेगळी गोष्ट आहे. तो प्रवाह थांबत नाही. स्नायू आवळले जातात, तार सुटत नाही आणि हृदय बंद पडतं. बाहेरून दोन्ही कुंपणं सारखीच दिसतात, म्हणूनच 'करंटचं कुंपण' हा शब्द घोटाळ्याचा आहे. एक जनावराला घाबरवतं, दुसरं जो येईल त्याला मारतं. त्या 'जो येईल' मध्ये शेजारचा शेतकरी, त्याचा बैल, पहाटे परसाकडे निघालेलं पोर, सगळे आले.

याची किंमत वाघांनीही मोजली आहे. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा मुलगा 'श्रीनिवास' गळ्यात रेडिओ कॉलर घालून फिरत होता. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड परिसरात तो अशाच एका शेताच्या विजेच्या तारेला लागून मेला. त्याच वर्षी ब्रह्मपुरीतून पकडून बोर अभयारण्यात सोडलेल्या एका वाघिणीला ठार मारावं की नाही यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वाद चालला होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती वर्धा जिल्ह्यात एका शेताच्या करंटच्या तारेनेच गेली. कोर्टात ज्या प्रश्नाचा कीस काढला जात होता, त्याचं उत्तर रानडुकरासाठी लावलेल्या तारेने देऊन टाकलं.

असा करंट सोडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा आणि वीज कायदा अशा दोन्हींखाली गुन्हा आहे. वाघाच्या शिकारीला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा आहे. 'वाघ मारायचा नव्हता, डुकरं हाकायची होती' या म्हणण्याने मेलेला वाघ उठत नाही आणि गुन्हाही मिटत नाही.

मग सगळ्यांनीच झटका मशीन का लावू नये? सरकारने तसा प्रयत्न केला आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळू लागलं. अडचण लावण्यात कमी आणि चालू ठेवण्यात जास्त आहे. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की झटका गवतातूनच जमिनीत उतरतो आणि तार नुसती शोभेला राहते. झटका बसायला प्रवाह जनावराच्या अंगातून मातीत आणि मातीतून अर्थिंगच्या सळीपर्यंत परत जावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात माती कोरडी ठणठणीत झाली की हा रस्ताच तुटतो. धानाच्या ओल्या बांधीत जे कुंपण उत्तम चालतं, तेच उन्हाळ्यात मवाळ होतं. बॅटरी काही वर्षांत बसते. खालची तार जमिनीपासून फूटभराहून वर गेली की डुक्कर खालून शिरतं, आणि रोही तर चांगलं उंच कुंपणही उडी मारून ओलांडतो. माकडांबद्दल न बोललेलंच बरं.

आणखी एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. एका शेताला कुंपण झालं की डुकरं उपाशी बसत नाहीत, ती शेजारच्या शेतात जातात. त्यामुळे एकट्याने केलेलं कुंपण हा बऱ्याचदा त्रासाचा पत्ता बदलण्याचा प्रकार ठरतो. जिथे पूर्ण शिवार एकत्र येऊन एकच सलग कुंपण घालतं आणि रोज संध्याकाळी तार तपासायची पाळी लावतं, तिथे खर्चही वाटला जातो आणि गवतही कापलं जातं.

वाघाचा याच्याशी संबंध काय? थेट कमी, आडवळणाने खूप. डुकरं, चितळं पिकावर आली की त्यांच्या मागे वाघ-बिबट शेतापर्यंत येतात. आणि पीक वाचवायला शेतकरी रात्री मचाणावर जागलीला जातो. शेतातून डुकरं कमी झाली की वाघाला यायचं कारण कमी होतं आणि शेतकऱ्याला अंधारात बाहेर पडायचंही.

भोंगे, दिवे आणि मुखवटे

बुजगावणं ही न मारता हाकलण्याची मूळ कल्पना. त्याची मर्यादाही प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे : चार दिवसांनी पाखरं त्याच्याच खांद्यावर बसतात. जनावर नव्या गोष्टीला बिचकतं, काही दिवस लांब राहतं, आणि त्यातून आपल्याला काहीच होत नाही हे कळलं की सरावतं. भोंगा कितीही महाग असला, तरी या नियमातून सुटत नाही.

म्हणून आताच्या यंत्रांत दोन बदल केलेले असतात. एक म्हणजे यंत्र सतत वाजत नाही. इन्फ्रारेड सेन्सरला समोर हालचाल जाणवली तरच ते पेटतं आणि वाजतं. दुसरा, आवाज आणि प्रकाश दर वेळी बदलतात. आज कुत्र्यांचं भुंकणं, उद्या फटाके, परवा माणसांचा आरडाओरडा. याने सराव पूर्ण थांबत नाही, पण लांबतो. हंगामात महिना-दीड महिना पीक उभं असेल, तर तेवढी मुदतही शेतकऱ्याला पुरू शकते.

लुकलुकणाऱ्या दिव्यांची गोष्ट तर जगभर गाजली. केनियातल्या रिचर्ड टुरेरे या मसाई मुलाने गोठ्यावर येणाऱ्या सिंहांना फसवायला जुन्या बॅटरीवर चालणारे, एकामागून एक पेटणारे दिवे लावले. कुणीतरी बॅटरी घेऊन फिरतंय असा भास सिंहांना होत असे. पण हे दिवे खरंच चालतात का, याची शिस्तशीर परीक्षा झाली चिलीच्या डोंगराळ भागात. काही कळपांना दिवे लावले, काहींना नाही, आणि मधेच अदलाबदल केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : प्यूमा हा मोठा मांजरवर्गीय शिकारी दिव्यांपासून लांब राहिला, त्याच भागातल्या कोल्ह्यांवर मात्र काहीच परिणाम झाला नाही. एकच दिवा, एकच रात्र, प्राणी बदलला की उत्तर बदललं. 'सर्व वन्यप्राण्यांपासून संरक्षण' असं लिहिलेलं यंत्र पाहिलं की हा प्रयोग आठवायला हरकत नाही.

मुखवट्यांचा उपाय आपल्याकडचाच आहे. वाघ शक्यतो मागून हल्ला करतो, म्हणून १९८० च्या दशकात सुंदरबनमध्ये जंगलात जाणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला चेहऱ्याचा मुखवटा घालायला दिला गेला. सुरुवातीला चांगला उपयोग झाला, पुढे वाघ सरावले असं सांगितलं जातं. याच कल्पनेचा अलीकडचा अवतार बोत्सवानात दिसला. तिथे गुरांच्या मागच्या भागावर डोळे रंगवले. चार वर्षांत डोळे रंगवलेल्या ६८३ गुरांपैकी एकही सिंह-बिबट्यांनी मारलं नाही, काहीही न रंगवलेल्या ८३५ पैकी १५ गेली. डोळ्यांऐवजी नुसती फुली मारलेल्या ५४३ पैकी ४ गेली. खर्च म्हणाल तर रंगाचा एक डबा. आपल्याकडे गुराखी रोज जनावरं जंगलात नेतात, वाघ-बिबट त्यांच्यावरही हल्ला करतात. एआयच्या गर्दीत अशा स्वस्त कल्पनेकडे कुणी फारसं पाहत नाही, हे जरा विचित्रच आहे.

ऑनलाइन मिळणाऱ्या 'अल्ट्रासॉनिक' यंत्रांपासून मात्र जपून. माणसाला ऐकू न येणारा हा अतिउच्च आवाज हवेत फार लवकर विरतो आणि झाडा-झुडपांनी अडतो. बंद खोलीत तो चालेलही, दोन एकरांच्या शेतात त्याचं काय होणार? आणि माकडं हाकायला वापरली जाणारी प्लॅस्टिक पाइपची कार्बाइड गन तर धोक्याचीच. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये या बंदुकीने शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात मुलंच जास्त होती.

कॅमेरा ओळखतो. पुढे काय?

आता पुन्हा सीतारामपेठकडे. एआय कॅमेऱ्याचं वैशिष्ट्य असं की तो वाघाला हाकलतोच असं नाही. तो माणसाला सांगतो. जंगलात पूर्वीपासून लावले जाणारे कॅमेरा ट्रॅप फोटो काढून कार्डात ठेवतात. ते कार्ड काढून आणेपर्यंत वाघ पुढच्या तालुक्यात पोहोचलेला असतो. नव्या कॅमेऱ्यात ओळखण्याचं काम तिथल्या तिथे होतं आणि गरजेचा फोटोच तेवढा नेटवर्कवरून पाठवला जातो.

हे किती वेगात होऊ शकतं, त्याचा दाखला शेजारीच आहे. मध्य प्रदेशातल्या कान्हा-पेंच कॉरिडॉरमध्ये २०२२ मध्ये 'ट्रेलगार्ड एआय' नावाचे छोटे कॅमेरे तपासले गेले. वाघ समोरून गेल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात त्याचा फोटो अधिकाऱ्यांच्या फोनवर येत होता. २०२३ मध्ये 'बायोसायन्स' या नियतकालिकात त्याचा अहवाल आला.

अर्धा मिनिट हा आकडा भारी आहे, पण खरी कसोटी त्यानंतर लागते. रात्री दोन वाजता फोनवर फोटो आला. तो कुणी पाहिला? पाहणाऱ्याने गावात कुणाला फोन केला? त्या वेळी बाहेर असलेल्या माणसाकडे फोन होता का, आणि रेंज होती का? ताडोबाच्या आसपासच्या अनेक शिवारांत आणि गडचिरोलीच्या मोठ्या भागात नेटवर्कचा भरवसा नाही. म्हणून गावात मोठ्याने वाजणारा भोंगा किंवा लुकलुकणारा लाल दिवा हा मोबाइलपेक्षा जुना उपाय एआयच्या शेपटीला जोडावा लागतो.

दुसरी अडचण खोट्या इशाऱ्यांची. रोज रात्री भोंगा वाजला आणि वाघ कधीच दिसला नाही, तर वाघाच्या आधी माणसंच भोंग्याला सरावतात. उलट, जंगलाकाठच्या गावात वाघ जवळून जाणं ही रोजचीच गोष्ट असते. तो फक्त वाटेने जात असेल, तर प्रत्येक वेळी गाव जागं करण्यात अर्थ नाही.

म्हणून कॅमेऱ्याइतकंच महत्त्व त्याच्या मागे उभ्या असणाऱ्या माणसांना आहे. ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांत स्थानिक तरुणांची प्राथमिक प्रतिसाद पथकं तयार केलेली आहेत. वाघ दिसला की गर्दी पांगवणं, लोकांना घरात ठेवणं, वन विभागाच्या शीघ्र बचाव दलाला बोलावणं ही त्यांची कामं. ज्यांनी वाघ दिसल्यावर जमणारी झुंबड पाहिली आहे, त्यांना या कामाची किंमत कळेल. झाडावर चढलेले, मोबाइल उंचावलेले दोनशे लोक वाघाला जंगलात परतायची वाटच ठेवत नाहीत. एक व्हिडिओ कमी निघाला तर वाघाला निघून जायला तेवढी जागा मिळते.

पण माणसं मरतात कुठे?

वर सांगितलेली सगळी यंत्रं गावाच्या किंवा शेताच्या सीमेवर बसतात. आणि ताडोबाच्या परिसरातली बहुतेक माणसं त्या सीमेवर मरत नाहीत.

'ट्रॅक्ट' या संस्थेचे हर्षवर्धन धनवटे, पूनम धनवटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०११ या काळातल्या हल्ल्यांचा अभ्यास केला होता. ताडोबाभोवती त्या काळात १३२ हल्ले झाले, त्यातल्या ७१ मध्ये माणूस दगावला. ७८ टक्के हल्ले वाघांचे, बाकीचे बिबट्यांचे. इतर कुठल्याही कामापेक्षा गौण वनोपज गोळा करताना जास्त लोकांवर हल्ला झाला होता. गौण वनोपज म्हणजे मोहफुलं, तेंदूपानं, सरपण, झाडूसाठीचं गवत. हे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात, वाकून किंवा बसून करतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही असं जाणकार सांगतात.

त्यानंतर बरीच वर्षं गेली, हल्ल्यांचं हे रूप फारसं बदललं नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. तेंदूचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा असतो आणि त्यातून अनेक घरांचा वर्षभराचा रोख पैसा येतो. त्या दिवसांत 'जंगलात जाऊ नका' ही सूचना पाळणं म्हणजे ती कमाई सोडून देणं.

गावाच्या वेशीवरचा कॅमेरा त्या तिघींना काय सांगणार होता? त्या कॅमेऱ्याच्या पलीकडे, वाघाच्या घरात गेल्या होत्या. त्यामुळे तंत्रज्ञानाचा उपयोग खऱ्या अर्थाने करायचा, तर इशारा गावाऐवजी जंगलाच्या त्या कंपार्टमेंटशी जोडावा लागेल, जिथे उद्या सकाळी पानं तोडायची आहेत. कालच्या आणि आजच्या रात्री तिथे पिल्लांसह वाघीण फिरली का, हे आधी कळलं तर फडी, म्हणजे पानं जमा करायचं केंद्र, दोन दिवस दुसरीकडे हलवता येते. कॅमेरे, पगमार्क आणि रेडिओ कॉलर यांतून ही माहिती वन विभागाकडे बऱ्याचदा असतेच. ती पहाटे चारच्या आधी तोडणाऱ्यांपर्यंत पोहोचवणं हे काम कुठल्याही सेन्सरपेक्षा अवघड आहे आणि त्याहून गरजेचंही.

या हिशेबात गॅस सिलिंडर हेही संघर्ष टाळणारं तंत्रज्ञानच ठरतं. जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाच्या जोडीने घरगुती गॅस आणि शौचालय होतं, ते उगाच नाही. सरपणाची एक फेरी वाचली की जंगलातल्या धोक्याचा एक दिवस वाचतो. मात्र सिलिंडर संपल्यावर भरायला पैसे नसतील, तर तो कोपऱ्यात पडून राहतो आणि कुऱ्हाड पुन्हा बाहेर निघते.

जंगलात जावंच लागलं तर गटाने जा, बोलत राहा, हा सल्ला प्रत्येक गावात दिला जातो. तो नुसता धीर देण्यासाठी नसतो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर परिसरात पाणवठ्यांवर लपवलेल्या स्पीकरमधून कधी सिंहाचा आवाज, कधी माणसांचं साधं बोलणं ऐकवलं गेलं. २०२३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात प्राणी सिंहापेक्षा माणसाच्या आवाजाला दुप्पट प्रमाणात पळाले, हत्ती आणि बिबट्यासुद्धा. तो प्रयोग ताडोबातला नाही आणि पिल्लांजवळची वाघीण आवाजाने हटेलच असं नाही. पण अचानक समोरासमोर येणं टाळायला बोलत चालणं हा फुकटचा भोंगा आहे.

गडचिरोलीचे हत्ती : इथे नियम वेगळे

ऑक्टोबर २०२१ मध्ये ओडिशातून छत्तीसगडमार्गे वीसहून अधिक रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीच्या धानोरा भागात शिरला. अहेरी तालुक्यात कमलापूरला पाळीव हत्तींचा कॅम्प पूर्वीपासून आहे, पण पिढ्यानपिढ्या रानटी हत्ती न पाहिलेल्या गावांसाठी हा धक्काच होता. पुढच्या काळात कळप कुरखेडा, आरमोरी करत गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत जाऊन आला. उभं धान खाल्लं, झोपड्या मोडल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये आरमोरी तालुक्यात हत्तींच्या मागावर असलेला वन विभागाचा एक वाहनचालकही त्यांच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडला.

डुकराला अडवणारं झटका मशीन हत्तीला फार काळ थांबवत नाही. सुळ्यातून वीज जात नाही हे त्याला लवकर कळतं. सुळ्याने तार तोडणं, पायाने खांब ढकलणं, झाड मोडून कुंपणावर टाकणं हे सगळं हत्ती करतात. म्हणून कर्नाटक-तमिळनाडूत आता लटकत्या सौर तारांचं कुंपण वापरतात. उंच खांबावरून पडद्यासारख्या सुट्या तारा सोडलेल्या असतात, त्यामुळे ढकलायला खांब हाताशी येत नाही.

मधमाश्यांना हत्ती घाबरतात हे केनियात लूसी किंग यांनी दाखवून दिलं आणि शेताभोवती पोळ्यांच्या पेट्या तारेने जोडायची पद्धत तिथून पसरली. खादी व ग्रामोद्योग आयोगाने मार्च २०२१ मध्ये कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात हा प्रयोग सुरू केला. शेतकऱ्याला मधाचे पैसेही मिळतात, ही त्यातली गोड बाजू. पण माश्या रात्री पोळ्यात शांत असतात आणि हत्ती नेमके रात्री येतात. पेट्यांची निगा राखणारं घर असेल तरच हे टिकतं. मिरचीचा धूर हाही आफ्रिकेतून आलेला स्वस्त उपाय आहे, पण वारा फिरला की धूर मालकाच्याच डोळ्यात.

हत्तींच्या बाबतीत सगळ्यात खात्रीचं काम इशाऱ्यानेच केलं आहे. तमिळनाडूतल्या वालपराईत चहामळ्यांमधून हत्ती ये-जा करतात. तिथे निसर्ग संवर्धन प्रतिष्ठानचे आनंद कुमार आणि सहकाऱ्यांनी साधी व्यवस्था उभी केली : हत्ती कुठे आहेत याचा संध्याकाळी एसएमएस, स्थानिक केबल टीव्हीवर पट्टी, आणि मोक्याच्या जागी मोबाइलवरून पेटवता येणारे लाल दिवे. दिवा लाल म्हणजे आज त्या वाटेने घरी जायचं नाही. माणसांचे मृत्यू लक्षणीय घटले आणि २०१५ मध्ये या कामाला व्हिटली पुरस्कार मिळाला. यात एआयचा पत्ताही नव्हता. हत्ती कुठे आहे हे रोज पाहणारी माणसं मात्र होती.

गडचिरोलीला याहून जवळचं उदाहरण छत्तीसगडचं आहे. उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्पात २०२३ पासून हत्ती अ‍ॅलर्ट अ‍ॅप वापरात आलं. हत्तींच्या मागावर असणारे कर्मचारी त्यांची जागा अ‍ॅपवर नोंदवतात आणि जवळपास दहा किलोमीटरच्या टापूतल्या नोंदणी केलेल्या गावकऱ्यांना फोन किंवा मेसेज जातो. गडचिरोलीचे हत्ती राज्याची सीमा ओलांडून ये-जा करतात, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या वन विभागांची माहिती एकाच ठिकाणी असणं इथे फार महत्त्वाचं. आणि धानोरा-कोरचीच्या गावांसाठी इशारा लिखित मराठीत पाठवण्यापेक्षा गोंडीत बोलून पाठवलेला जास्त पोहोचेल.

मशाली घेऊन, फटाके फोडून हत्तींच्या मागे धावणं हा मात्र उपाय नाही. आगीचे गोळे आणि खिळे वापरून हत्ती हाकण्याच्या प्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच कडक भूमिका घेतली आहे. बिथरलेला कळप एका गावातून हटतो आणि चिडून दुसऱ्या गावात शिरतो. हत्ती घरात शिरतो तो बहुतेक वेळा साठवलेल्या धानाच्या, मिठाच्या किंवा मोहाच्या वासाने. कळप जवळ असेल त्या रात्री ते राहत्या झोपडीत न ठेवता गावाच्या एका पक्क्या इमारतीत ठेवणं हे कुठल्याही भोंग्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

यंत्र घेण्याआधी विचारायचे प्रश्न

ग्रामपंचायतीकडे किंवा शेतकऱ्याकडे अशी यंत्रं विकायला कुणी आलं, तर पहिला प्रश्न : हे नेमक्या कुठल्या प्राण्यासाठी? डुक्कर, रोही, माकड, बिबट, वाघ, हत्ती या सगळ्यांवर एकच डबा चालत नाही. त्यानंतर, दुसऱ्या वर्षी दुरुस्तीला कोण येणार आणि बॅटरी कुणाच्या पैशाने बदलणार हे लेखी घ्यावं. झटका मशीन असेल तर ते घरच्या लाइनवर थेट जोडायचं नसतं, त्याचा प्रमाणित ठोका देणारा डबा मधे असावाच लागतो आणि कुंपणावर धोक्याच्या पाट्या लावाव्या लागतात. एआय कॅमेरा असेल तर इशारा कुणाच्या फोनवर येणार आणि तो माणूस रात्री काय करणार, हे बसवण्याआधी ठरवावं.

वाघाच्या हल्ल्यात माणूस दगावला तर महाराष्ट्रात कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात. एका मृत्यूच्या भरपाईत किती गावांच्या कुंपणांचं गवत कापून होईल, किती फोनची पहाटेची फेरी चालेल, हा हिशेब करायला हरकत नाही. देखभालीसाठी वेगळा पैसा राखून ठेवणं हे या सगळ्या योजनांतलं सगळ्यात कमी चर्चेतलं कलम आहे.

आणि वाघ, बिबट किंवा हत्ती गावाजवळ दिसला, कुठे करंटची तार ओढलेली दिसली, तर व्हिडिओ टाकण्याआधी वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करता येतो.